मॅमोग्राफी आणि माझी नणंद

१२ फेब्रुवारी २००६, रविवार. दौंड

आज आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या खालच्या अंगाला, बोराएवढं काहीतरी हाताला लागलं. आधी वाटलं, काही चावलं असेल. मग दाबून पाहिलं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखणाऱ्या गोष्टींवर निदान बाम लावता येतो.

दिवसभर हात तिकडेच जात होता. भाकऱ्या थापताना, धुणं वाळत घालताना. हे यार्डातून आले, जेवले, पेपर घेऊन बसले. रेल्वेत पॉइंट्समन असलेल्या माणसाला गाड्यांचं सगळं सांगता येतं, पण बायकोनं असलं काही सांगायचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची? मी नाही सांगितलं. कोपऱ्यावरच्या एसटीडीवर गेले आणि झुंबरला फोन लावला.

झुंबर म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, पण त्याच्याआधी माझी मैत्रीण. न्हावऱ्याला ती मामाकडे शिकायला होती, मी तिथलीच. दोघी एका बाकावर. "माझ्या दादाशी लगीन कर, म्हंजी आपण जल्मभर एकत्र," असं म्हणून तिनंच मला ह्या घरात आणलं आणि स्वतः कारेगावला नांदायला गेली, चोर! चारचौघांत मी तिला वन्सं म्हणते, दोघीच असलो की झुंबर. तिचा रोहन आणि माझी तेजश्री, ह्यांचं ठरलेलं आहे. तेजू पाळण्यात होती तेव्हाच झुंबरनं सांगून ठेवलं होतं की भाचीवर आत्याचा पहिला हक्क. पोरांनाही एकमेकं पसंत आहेत, नाहीतर असल्या हक्काला मी भीक घातली नसती. तेजू शिरूरला हॉस्टेलवर आहे, डी.एड.ची परीक्षा झाली की मे महिन्यात विहारात लग्न.

फोनवर झुंबरनं मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "करुणे, कुणाला बोलू नगंस. उद्याच्या उद्या डॉक्टरला दाव. मी येती."

१४ फेब्रुवारी, मंगळवार

काल धीर झाला नाही, आज माझी अंगणवाडी सुटल्यावर रेल्वेच्या दवाखान्यात गेले. नवीन डॉक्टरीणबाई आहेत, तेजूपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी तपासलं आणि पुण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. मॅमोग्राफी करायची. म्हणजे छातीचा एक्स-रे, पण वेगळ्या मशीनवर. बहुतेक गाठी साध्याच निघतात म्हणाल्या. त्यांनी दोनदा म्हटल्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जायचं, त्या दिवसांत छाती हुळहुळी नसते. आधीच्या फिल्म असतील तर बरोबर न्यायच्या. आधीच्या कुठल्या असायला? आयुष्यात दोन फोटो काढले, एक लग्नात आणि एक रेशन कार्डावर. तोंडावर आलं होतं, पण पोर गंभीर होती म्हणून बोलले नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

झुंबर आली होती. कारेगावहून शिरूर, शिरूरहून दौंड, एसटीत उभी राहून. मला इतकं बरं वाटलं की दारातच रडू आलं. हे ड्यूटीवर होते, घरात आम्ही दोघीच.

तिला सगळं माहीत आहे. मागच्या दिवाळीत पुण्याला तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हा म्हणे असल्या सगळ्याच तपासण्या केल्या होत्या. मी भाकरीसाठी पीठ मळत होते, तर तिनं एक गोळा उचलून पोळपाटावर ठेवला आणि वरून ताट दाबलं. "हे आसं. खाली एक फळी, वर एक फळी. आन् मधी तू."

मी हसायला लागले. ती हसली नाही.

"एकदा वरून दाबत्यात, एकदा आडवं. दोन्हीकडचं. लई चेपत्यात, डोळ्याला पानी येतं, पर सोडत्यात लगीच. बाई म्हणंल श्वास धर, की धरायचा. हाललीस तर पुन्यांदा काढत्यात. आन् तिथली बाई हातानं धरून ठिवती फळीवर. लाजायचं न्हाई. ती दिसभर तेच करती."

त्या दिवशी पावडर लावायची नाही, सेंट नाही, मलम नाही. पावडरीचे कण फिल्मवर पांढरे ठिपके होऊन उमटतात आणि डॉक्टरांना ते भलतंच वाटतं. ह्याचं मला खरं वाईट वाटलं. मी पावडरीशिवाय अंगणवाडीतही जात नाही, पोरं ओळखणार नाहीत. गळ्यातलं काढून ठेवायचं. साडीच नेसून जायची, वरचं तेवढं काढता येतं. तिथे पुढून बांधायचा झगा देतात. झुंबर सांगत होती आणि माझी भीती कमी होत होती. एवढं तर त्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नव्हतं.

तिची तब्येत मात्र उतरली आहे. डावा हात सुजलाय, त्या हातात बांगड्यासुद्धा नाहीत. वात आहे म्हणाली, सासूबाईही पाठीच्या दुखण्यानंच गेल्या होत्या. ऑपरेशनच्या वेळी मी कारेगावला जाऊन तिचं करून आले, पण पट्टी बदलायला तिनं मला एकदाही हात लावू दिला नाही. शाळेत असताना विहिरीवर आम्ही दोघी एकत्र आंघोळ करायचो! वय झालं की बाई लाजाळू होते म्हणायची.

निघताना तिनं विचारलं, "तुझ्या आईला काय झालं हुतं गं? तिलाबी गाठ हुती ना?"

मी सांगितलं, मानेला होती, क्षयाची. तिला आमच्या घरातल्या एकेका माणसाची काळजी आहे.

२० फेब्रुवारी, सोमवार

झुंबर म्हणाली होती दादाला इतक्यात सांगू नको, पण मला राहवलं नाही. चहा देता देता सांगून टाकलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. कप खाली ठेवला आणि पहिलं काय विचारलं, तर "झुंबरला सांगितलंस का?"

मी म्हटलं, तिलाच आधी सांगितलं.

"काय म्हनली ती?"

मला काय होतंय ते नाही, ती काय म्हणाली ते. मग चपला घालून बाहेर गेले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत. मला मेलीला वाटलं, किती जीव आहे माझ्यावर. तेवीस वर्षांत बोलून दाखवला नाही तो असा बाहेर पडला.

३ मार्च, शुक्रवार

पाळी एकदाची आली. इतकी वाट तर लग्नानंतर पहिल्या वर्षीही पाहिली नव्हती, तेव्हा ती न येण्याची वाट पाहत होते. डॉक्टरीणबाईंनी पुण्याला फोन करून ९ तारीख घेतली. तेजूला काही कळवलं नाही, तिची परीक्षा तोंडावर आहे.

गाठ तेवढीच आहे. कधी मोठी वाटते, कधी सापडतच नाही. जास्त चाचपू नको, असं मी मलाच ओरडते.

५ मार्च, रविवार

आज लिहायचंच.

सकाळी झुंबर आली, बरोबर तिचे मालक आणि थोरले दीर. मला वाटलं लग्नाची तारीख धरायला आलेत. मी शिरा करायला घेतला. रवा भाजत होते आणि बाहेर थोरले दीर बोलत होते ते ऐकू आलं, तसा मी गॅस बंद केला.

"साहेबराव, राग मानू नगा. सोयरिकीचं आता ऱ्हाऊ द्या."

मी बाहेर आले. म्हटलं, का?

"वैनी, तुम्हाला गाठ निघाली. तुमच्या आईलाबी गाठीनंच नेलं म्हनं. खाण तशी माती. उद्या पोरीला झालं तर आमच्या रोहननं काय करायचं?"

मी सांगितलं की अजून तपासणी व्हायची आहे, आणि आईची गाठ मानेला होती, क्षयाची होती. तर म्हणतात कसे, "गाठ ती गाठच."

मग मात्र माझं तोंड सुटलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही विहारात पुढं बसून वंदना घेता. पत्रिका न्हाई, गुण न्हाई, मुहूर्त न्हाई म्हणून भाषण करता. आन् आज माझ्या पोरीच्या रक्ताची पत्रिका मांडायला आलात व्हय?" ते उठलेच. झुंबरचे मालक आधीपासून दाराकडे बघत होते.

मी झुंबरकडे पाहिलं. त्या घरात फक्त तिलाच माहीत होतं. आईचंही तिलाच. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि खाली मान घालून बसली. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही बोला." एवढ्या परक्या आवाजात मी तिला पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं असेन. ती म्हणाली, "घरच्यांनी ठरावलंय, वैनी." वैनी! ज्या बाईनं माझ्या पोळपाटावर मला धीर दिला, ती दोन आठवडे कारेगावात बसून माझी गाठ वाटत होती. केसानं गळा कापला.

हे भिंतीला टेकून बसले होते.

६ मार्च, सोमवार

आज नळावर शेजारीण विचारत होती, तेजश्रीच्या आई, तुमचं काय ते खरं का? कारेगावची बातमी दौंडच्या नळाला एका दिवसात आली. म्हणजे भावकीत सगळीकडे गेली. तेजूचं नाव आता कुणापुढे काढायची सोय नाही.

मी ह्यांना विचारलं, काल तुम्ही का नाही बोललात? तर म्हणतात, "बोलून काय हुतंय. बहीण हाय. आपलेच दात, आपलेच ओठ." मी म्हटलं, दात तुमच्या बहिणीचे आणि ओठ माझे. ताट सारून उठले.

९ मार्च, गुरुवार

झाली एकदाची.

सकाळच्या शटलनं एकटी गेले. हे येतो म्हणाले होते, मग ड्यूटी निघाली. पावडर लावली नाही. गळ्यातलं रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं. खिडकीत बसून मी ठरवत होते की झुंबरनं सांगितलेलं काही आठवायचं नाही. पण झग्याच्या नाड्या पुढे बांधताना तीच आठवली, फळीवर बाईनं धरून ठेवलं तेव्हा तीच आठवली. आणि ती सांगत होती तसंच सगळं होतं, एक गोष्ट खोटी नव्हती. वरून दाबलं, आडवं दाबलं, डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाल्या, "श्वास धरा." मी धरला. इतकी नीट उभी राहिले की बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात ना? छान सहकार्य केलंत. कुणी समजावून सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, नणंदेनं.

"चांगली आहे नणंद," बाई म्हणाल्या. मी ब्लाउजचे हुक लावता लावता रडले. त्यांना वाटलं दुखलं म्हणून. पाण्याचा ग्लास आणून दिला.

मग सोनोग्राफी पण केली. गाठीत पाणी असेल असं वाटतंय, पण पुढच्या गुरुवारी सुईनं तपासून मगच नक्की सांगू म्हणाले.

१६ मार्च, गुरुवार

नुसतं पाणी निघालं! डॉक्टरांनी सुई घातली, पिवळसर पाणी ओढून काढलं आणि गाठ जागेवरच बसली. बाकीची फिल्मही स्वच्छ. घाबरायचं काही नाही, वर्षानं पुन्हा या म्हणाले. एवढ्यासाठी माझ्या पोरीचं लग्न मोडलं. साप साप म्हणून भुई धोपटली.

मी तरंगतच खाली आले आणि जिन्याच्या बाजूच्या बाकावर झुंबर दिसली.

एकटीच बसली होती. खरं सांगते, माझा सगळा राग त्या क्षणी गेला. वाटलं, आली, माझ्यासाठी आली, राहवलं नाही तिला. मी लांबूनच ओरडले, "झुंबर, पाणी निघालं गं नुसतं!"

ती दचकून उठली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जागीच थांबले. तेवढ्यात आतून आया आली आणि म्हणाली, "झुंबरताई, चला, तुमचा नंबर. आज हाताची सूज कशी आहे?" आया तिला नावानं ओळखत होती. दारावर पाटी होती, कर्करोग विभाग.

मी बाकावर बसले. ती आत जाऊन आली आणि माझ्या शेजारी बसली, मधे एका माणसाची जागा सोडून.

"पिशवीचं नव्हतं," ती म्हणाली. "डावीकडचं पुरं काढलंय. दिवाळीत."

मग एकदम माझ्या डोक्यात आलं आणि मी विचारलं, "मग सोयरीक कशानं मोडली, झुंबर? खरं सांग."

"मालक म्हनले, तुझ्या भावाची पोरगी म्हंजी तुझंच रगत. एक भोगली तेवढं बास झालं. पर बाहीर काय सांगनार? माझं सांगितलं तर रोहनला पोरगी कोन दील? कारन पायजे हुतं. तवाच तुझा फोन आला."

तवाच माझा फोन आला. वडाची साल पिंपळाला लावली आणि पिंपळाला पत्ताच नाही.

मी म्हटलं, "माझ्या मेलेल्या आईला पण सोडलं नाहीस."

तेव्हा ती रडली. "मला वाटलं, तुझंबी माझ्यावानीच निघंल, करुणे. मग आपन दोघी सारख्याच." असं म्हणाली. हे तिनं दिलासा म्हणून सांगितलं की माफी म्हणून, मला कळलं नाही. तिच्या सुजलेल्या हाताची मला दया येत होती आणि त्याच हातावर फटका मारावासाही वाटत होता. दोन्ही खरं आहे. मी उठून स्टेशनला आले.

१७ मार्च, शुक्रवार

गाडीत ठरवलं होतं, भावकीत एकेकाच्या दारात जाऊन सांगायचं की रोग कुणाला आहे. माझी आई, माझं माहेर, माझं दूध, सगळं धुऊन काढायचं. रात्रीत लक्षात आलं की तसं करता येत नाही. झुंबर ही तेजूची सख्खी आत्या. मी जेवढ्या मोठ्यानं ओरडेन तेवढा डाग माझ्याच पोरीला लागेल, आणि तो पुसायला मग पाण्याची गाठ पुरायची नाही. मला डाग लावणारी बाई बरोबर ओळखून होती की मी गप्पच बसणार.

सकाळी हे ड्यूटीवरून आले. रिपोर्ट चांगला आला हे काल फोनवर कळवलं होतंच, खुशीत होते, जिलेबी आणली होती. मी म्हटलं, मला काल दवाखान्यात झुंबर भेटली.

पुडा तसाच हातात राहिला. कोणत्या दवाखान्यात, कशाला, असं काहीच विचारलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"ऑपरेशनच्या टायमाला रगत म्याच दिलं हुतं," हे म्हणाले. "तिनं शपथ घातली हुती."

"आणि सासूबाई? त्यांचं पाठीचं दुखणं?"

पुडा खाली ठेवून म्हणाले, "आईचंबी त्येच हुतं."

म्हणजे आजी, आत्या. आणि तेजू. मी विचारलं, ते लोक माझ्या आईला बोलत होते, माझ्या रक्ताला बोलत होते, तेव्हा तुम्हाला एकदाही वाटलं नाही तोंड उघडावं?

"उघडलं असतं तर झुंबरचं घर मोडलं असतं."

"आणि माझं?"

"तुझं कुठं मोडतंय?" ह्यांनी अगदी समजुतीनं सांगितलं. "मी हाय की."

माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार आणून हातात देतो. त्याला मनापासून वाटतं की त्यानं ह्यात माझं काही वाईट केलं नाही. झुंबरवर मी ओरडू शकले, ह्यांच्यावर ओरडावं असंही वाटेना. जिलेबी शेजारच्या पोरांना देऊन टाकली.

१९ मार्च, रविवार. शिरूर

ह्यांना न सांगता आले. तेजूला हॉस्टेलमधून बाहेर काढलं, स्टँडसमोरच्या हॉटेलात दोघींनी मिसळ मागवली. परीक्षेच्या तोंडावर सांगू नये हे मलाही कळतं. पण घरात सगळ्यांनी सगळ्यांच्या भल्यासाठीच लपवलं होतं, त्यात माझी भर नको. आजीचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, माझ्या पाण्याच्या गाठीचं सांगितलं. काल रेल्वेच्या डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलं होतं, तेही सांगितलं. रोग झालाय असं नाही, होईलच असंही नाही, पण घरात दोघींना झालाय म्हणजे तू इतरांपेक्षा लवकर तपासायला सुरुवात करायची आणि लाजायचं नाही.

लग्न मोडल्याचं रोहननं तिला आधीच कळवलं होतं. आईच्या शब्दाबाहेर जाता येत नाही म्हणाला. पोरीनं ते एकटीनं गिळून ठेवलं होतं, मला धक्का बसेल म्हणून.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. पावाचा तुकडा रश्श्यात भिजवून तसाच ठेवला आणि विचारलं, "आत्याच्या घरचे तुला बोलत होते, तेव्हा पप्पा तिथंच होते?"

"होते."

"सगळं माहीत असून?"

"हो."

"मग काय म्हणाले?"

मला खोटं बोलता आलं असतं. एरवी बापाची बाजू मीच सावरत आले आहे.

"काही नाही गं," मी म्हटलं. "ते लोक उठून निघाले तेव्हा म्हणाले, चहा तरी घेऊन जा."